एकोणीस कुठे आहे?

पैज लावली कियोताकाने, आणि तीही वडिलांच्या फोटोसमोर. त्यामुळे आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

तेरा तारखेच्या संध्याकाळी दारात भूर्जाची साल पेटवून वडिलांना, तोकुजींना, घरी बोलावून झालं होतं. मार्चमध्ये गेलेल्या माणसाचं हे पहिलंच ओबोन, म्हणजे पितर घरी येतात तो सण. म्हणून पांढरा कंदील टांगला होता, मात्सुमोतोहून धाकटी बहीण, दातांच्या दवाखान्यात काम करणारी चिझुरु, नवऱ्याला घेऊन आली होती आणि जेवताना साके जरा सढळ हाताने ओतली जात होती. त्या भरात कियोताकाने सांगून टाकलं की शेडमधली निळी त्याने विकली. नागोयाचे मिझोगुची-सान सोळा तारखेला दुपारी चार वाजता ट्रक घेऊन येणार, आणि तिच्या जागी सफरचंदं निवडायचं यंत्र बसणार.

तोमोएच्या हातातला वाडगा हातातच राहिला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याला चारचौघांत उलटून बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"निळी विकायची नाही."

"अगं, वीस वर्षं एका जागी उभी आहे ती. इंजिन पार जाम झालंय."

"शिमोजो-सान करून देतो म्हणालेत."

"आणखी काय म्हणालेत? पूर्ण सांग ना सगळ्यांना."

पूर्ण असं होतं, की कोमागानेच्या शिमोजो मिस्त्रींना ऐंशी सरली होती आणि गाडीखाली शिरणं त्यांनी कायमचं सोडलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स काढून माझ्या टेबलावर आणून ठेवा, मग बघू, असा त्यांचा निरोप होता.

"मग काढू या," तोमोए म्हणाली.

"कोण काढणार? तू?" कियोताका मोठ्याने हसला. "बरं, काढ! सोळाला चारच्या आत घरच्या घरी इंजिन बाहेर आलं, तर गाडी राहील. बाबांच्या देखत सांगतो."

कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंनी, फुमिएंनी, एवढा वेळ तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्या पुढे सरकल्या आणि देव्हाऱ्यातली घंटा टण्णकन वाजवली.

"ऐकलं हो त्यांनी," त्या म्हणाल्या आणि पुन्हा लोणच्याकडे वळल्या.

निळी म्हणजे अडुसष्ट सालची ब्लूबर्ड मोटार. तोकुजी जन्मभर इदा लाईनवर रेल्वे चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी निळीच्या पोटात डोकं घालून असायचे. कियोताकाने सतराव्या वर्षी तिला दगडी कुंपणावर घासली. त्या दिवसापासून पोराला गाडीला हात लावायची बंदी झाली, ती कुणी उठवलीच नाही. तोमोए मात्र लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांना चहा द्यायला शेडमध्ये गेली आणि तिथेच रमली. मामंजी गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे, आणि त्यांनी मागायच्या आत ती योग्य मापाचा पाना त्या तळव्यावर ठेवायची. घरात याचा कुणी फारसा विचार केला नाही. सूनबाई चहा द्यायला जाते आणि तिकडेच रेंगाळते, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

काम संपवून ती निघाली की मामंजींची हाक हमखास यायची, "तोमोए, एक राहिलंय बघ!" कधी बॉनेटखाली विसरलेला पाना, कधी चिंधी, कधी चालू राहिलेला दिवा. हे इतक्यांदा झालं की पुढे पुढे ती मुद्दामच काहीतरी मागे ठेवायची. निळी चालू झाली की चालवायची तू, असं त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं. मी आणि ही मागे बसणार, सरळ समुद्रापर्यंत न्यायचं. मामंजी गेले आणि मागे बसायला आता एकच माणूस उरलं, सासूबाई. त्यांना तरी न्यायचंच, असं तिने सातव्या दिवसाच्या विधीलाच मनाशी ठरवलं होतं.

चौदा तारखेला सकाळी शेडमध्ये दोन पक्ष पडले. तोमोएच्या बाजूने एकटा चिझुरुचा नवरा योहेइ होता. तो बँकेत होता, कोरे करकरीत हातमोजे घालून आला होता आणि उत्साहाने नुसता उतू जात होता. चिझुरु भावाच्या बाजूची.

"वहिनी, या गाडीपायी बाबांनी माझा एक वाढदिवस पाहिला नाही," ती दारातूनच म्हणाली. "जाऊ दे ना तिला. मी नुसतं बघायला आलेय."

कियोताकाही नुसतं बघायलाच आला होता. पण योहेइने बॉनेटचा पहिला बोल्ट उलट्या बाजूला पिळायला घेतला तेव्हा त्याला राहवेना.

"अरे, घट्ट करतोयस तो! दे इकडे. पैज आपल्या जागी, पण माझ्या डोळ्यांसमोर असलं काही चालायचं नाही."

"बिजागऱ्यांच्या कडेने आधी पेन्सिल फिरवा," तोमोए म्हणाली. "नाहीतर परत बसवताना बॉनेट वाकडं बसतं."

कियोताकाने चमकून तिच्याकडे पाहिलं, पण पेन्सिल फिरवली.

मग दोन दिवस कामाला नुसता ऊत आला. रेडिएटर निघाला, त्याच्या नळ्या निघाल्या. सुटलेले बोल्ट ठेवायला फुमिएंनी टोफूचे धुऊन जपलेले डबे दिले. बारा वर्षं साठवले तेव्हा हसत होतात ना, असं प्रत्येक डब्यागणिक ऐकवलं. आतून गिअरचा दांडा काढला. मागचा लांब शाफ्ट ओढायच्या आधी तोमोए ओरडली, "भावोजी, पिशवी! गिअरबॉक्सच्या शेपटीला पिशवी बांधा, तेल येईल!" योहेइने कुठलं तेल म्हणून वाकून पाहिलं, आणि वीस वर्षांचं जुनं तेल त्याच्या कोऱ्या शर्टावर आलं. चिझुरु इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दुपारी फुमिएंनी तळलेल्या माञ्जूंचं, गोड सारणाच्या गोळ्यांचं, ताट आणलं, तेव्हा योहेइ आतून बाहेरून तेलकट झाला होता.

ते पांढरे आकडे त्याच तेलकट दुपारी सापडले. चिखल पुसला की बऱ्याच बोल्टांच्या शेजारी रंगाने लिहिलेला एकेक आकडा निघायचा.

"हे बाबांनीच लिहिलंय," कियोताका म्हणाला. "शेवटच्या दोन वर्षांत रंगाची डबी घेऊन दर रविवारी इथे येऊन बसायचे. मापं लिहिलेली दिसतात."

योहेइने पाना लावून पाहिला. "छे हो दादा, बोल्ट चौदाचा आणि लिहिलंय सात. हा बाराचा, लिहिलंय बावीस."

तोकुजी शेवटी शेवटी नातेवाइकांची नावं विसरायचे, ते सगळ्यांना आठवलं. तोमोएने ओल्या फडक्याने तो सात हळूच पुसून स्वच्छ केला. मामंजींना मापंही आठवेनाशी झाली होती, आणि आपल्याला ते कळलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. त्यानंतर आकड्यांकडे कुणी मुद्दाम पाहिलं नाही. ज्याच्या हाताला जे लागेल ते तो सोडवत गेला. डावी बाजू कियोताकाची, उजवी योहेइची.

सोळा तारखेला मिझोगुची-सान चारला येणार होते ते दोनलाच आले. ओबोनची गर्दी लागेल म्हणून लवकर निघालो आणि गर्दीच लागली नाही, म्हणून त्यांनी आठ वेळा माफी मागितली. हातात मिठाईचा खोका होता. तो फुमिएंनी घेतला, त्यांना पडवीत बसवलं आणि समोर बार्लीचा थंड चहा, टरबूज आणि माञ्जू मांडले.

"गाडी जरा बघून येतो," ते उठायला लागले.

"खाऊन घ्या हो आधी. उन्हातून आलात." फुमिएंनी आणखी दोन माञ्जू त्यांच्या ताटलीत टाकले. सासूबाई कुणाच्या बाजूने आहेत, हे तोमोएला तेव्हा कळलं.

शेडमध्ये गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर घेतली होती. टायरांत योहेइने सायकलच्या पंपाने, मध्ये तीनदा आडवं होऊन, हवा भरली होती. वरच्या तुळईला चेनपुली होती. तिचा साखळदंड इंजिनाच्या दोन्ही कड्यांत अडकवला. इंजिन वर उचलायचं आणि खालून गाडी मागे ढकलायची, एवढंच उरलं होतं.

"मागच्या बाजूचं सगळं सुटलं ना?" तोमोएने विचारलं.

"सुटलं," कियोताका म्हणाला.

"सुटलं, सुटलं," योहेइ म्हणाला.

साखळी कुरकुरली. इंजिन दोन बोटं वर आलं. योहेइने "आलं!" म्हणून टाळीसुद्धा वाजवली. मग ते थांबलं. कियोताकाने आणखी ओढलं, तशी निळीच नाक वर करून उचलली जायला लागली.

"थांबवा! अहो, थांबवा!" तोमोए ओरडली. "कुठेतरी धरून ठेवलंय."

इंजिन खाली घेतलं. डोकी आत गेली, बाहेर आली. गाडीखाली जाऊन पाहिलं. पुन्हा उचललं, पुन्हा तेच. अडीच वाजले, तीन वाजून गेले.

"तुझ्या बाजूचं काहीतरी असणार," कियोताका म्हणाला.

"माझ्या बाजूचं? दादा, माझी बाजू काल संध्याकाळीच साफ झाली."

"मग काय माझी राहिली? तू शाफ्टला पिशवी बांधू शकत नाहीस आणि..."

"दादा, त्याच्यावर ओरडू नकोस!" चिझुरु दारातून पुढे आली. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती उंबरा ओलांडून आत आली होती. "दोन दिवस झाले, ढोरासारखा राबतोय तो तुझ्या घरासाठी."

"मी सांगितलं होतं राबायला? वहिनीने सांगितलं तुझ्या!"

बहीणभावांची चांगलीच जुंपली. दगडी कुंपणापासून वाढदिवसापर्यंत सगळं निघालं. पडवीतून मिझोगुची-सान मान उंचावून पाहू लागले, तेव्हा फुमिएंनी त्यांना टरबुजाची आणखी एक फोड दिली. तोमोए मात्र इंजिनापाशी ओणवी होऊन उभी होती. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. समोर पांढऱ्या रंगातला तो सात होता, तिनेच पुसून लख्ख केलेला.

माप म्हणे. मामंजींनी माप कशाला लिहिलं असतं? त्यांना स्वतःला लिहून ठेवायची गरज नव्हती. त्यांचा हात बाहेर यायचा आणि मापाचा पाना तिच्याकडून जायचा. पंचवीस वर्षांत त्यांनी तिला मापं कधी सांगितलीच नव्हती. ज्याला माप सांगायचं नाही, त्याला दुसरं काय सांगायचं असतं?

"अहो," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग तिने पाना बॉनेटच्या कडेवर खणकन आपटला. "अहो! ही मापं नाहीत. हा क्रम आहे. आधी काय सोडवायचं, मग काय, ते लिहिलंय त्यांनी. कुठला तरी आकडा आपण पाहिलेलाच नाही."

तिने बॅटरीच्या जागेकडे बोट केलं. हात सरळ ताणला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "एक! बॅटरीची तार. सुटली. ठीक!"

कियोताकाचं तोंड एकदम कसनुसं झालं. ही बाबांची रेल्वेतली सवय. सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, म्हणजे चूक राहत नाही. ते घरातही तसंच करायचे. गॅस बंद, ठीक! दार बंद, ठीक! लहानपणी शाळेच्या दारात, सगळ्या पोरांसमोर, त्यांनी कियोताकाकडे बोट करून "डबा! रुमाल! ठीक!" केलं होतं. त्या दिवशी त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं.

"दोन! रेडिएटरची वरची नळी. सुटली. ठीक!"

"तीन, खालची नळी," योहेइ लगबगीने पुढे झाला. "ठीक!"

"हात सरळ हवा," चिझुरु म्हणाली. "कोपरात वाकवायचा नाही. बाबा ओरडले असते." आणि चारकडे तिनेच बोट केलं.

दहापर्यंत कियोताका भिंतीला टेकून उभा राहिला. अकरा गाडीखाली होता, त्याच्या बाजूला. तो कुणाला दिसेना.

"अकरा," तोमोए म्हणाली. "अकरा कुठे आहे?"

भिंतीकडून आवाज आला, आधी घोगरा आणि मग मोकळा. "अकरा. एक्झॉस्टचा पाइप. सुटला. ठीक!" कियोताकाचा हात सरळ ताणलेला होता, अगदी सिग्नलकडे असावा तसा. चिझुरुने तोंडावर हात धरला. तो आवाज तिच्या वडिलांचाच होता.

मग शेड नुसती दणाणली. पंधरा, ठीक! सोळा, ठीक! अठरा, ठीक! पडवीतून मिझोगुची-सान केव्हा येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नाही. योहेइ चुकून त्यांच्याकडेच बोट करून थांबला.

"एकोणीस," तोमोए म्हणाली.

ताणलेली बोटं इकडेतिकडे फिरली.

"वीस इथे आहे, गिअरबॉक्सचा आधार. एकोणीस कुठे आहे?"

शोधाशोध झाली. शेवटी तोमोएने इंजिन आणि मागचा पत्रा यांच्या फटीत मनगटापर्यंत हात घातला. "इथे मागे पट्टी आहे. विणलेली. अर्थिंगची! बोटाला लागतेय, पण दिसत नाही."

"सरका, वहिनी." चिझुरु धावत घरात गेली आणि दातांच्या दवाखान्याची पेटी घेऊन आली. लांब दांडीचा छोटा गोल आरसा तिने फटीत सरकवला आणि दुसऱ्या हाताने टॉर्च धरला. "जरा मोठा आ करायला सांगा हिला. हं, दिसली. पट्टी तशीच आहे, बोल्टसकट."

"हात लागला होता मला," योहेइ हळूच म्हणाला. "वाटलं, दादांच्या बाजूची असेल. त्यांना कसं विचारायचं, म्हणून सुटलं म्हणालो."

कियोताकाने मान खाजवली. "मलाही लागला होता. म्हटलं, पाहुण्याच्या कामात आपण बोट घालणं बरं दिसत नाही."

"धन्य आहे दोघांची," फुमिए दारातून म्हणाल्या. "त्या सभ्यपणापायी माझी आख्खी गाडी टांगली होतीत."

"थांबा," चिझुरुचा आवाज बदलला. "एकोणीस लिहिलंय. आणि त्याच्या खाली काहीतरी आणखी आहे. आरशात उलटं दिसतंय... दादा, तू वाच. मला नाही..."

कियोताकाने आरसा घेतला. डोळे बारीक करून बराच वेळ वाचलं. त्याने वाचलं ते स्वतःशी, आणि मग मान वळवून तोमोएकडे पाहिलं.

"'तोमोए,'" तो म्हणाला, "'एक राहिलंय बघ.'"

तोमोए मटकन टायरावर बसली. हसू आधी आलं की रडू, ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही एकदमच आलं असावं. चिझुरु तिला मिठी मारून तितकीच रडत होती. मामंजी नावं विसरत होते, पण त्या दोन वर्षांत, रविवारमागून रविवार, त्या फटीत हात घालून, त्यांनी तिच्यासाठी रांगेने सगळं लिहून ठेवलं होतं. ती नेमकी कुठे अडणार हेही त्यांना ठाऊक होतं.

कियोताका त्या अक्षरांकडे पुन्हा एकदा वाकला. त्याचं नाव तिथे कुठेही नव्हतं. तोमोएला ते एकदम जाणवलं आणि तिचं हसू थांबलं.

तेवढ्यात इंजिनावर ओणव्या झालेल्या कियोताकाचा डावा हात मागे आला, तळवा वर करून. त्याने वळून पाहिलं नाही, काही मागितलंही नाही. तोमोएने एक क्षण त्या तळव्याकडे पाहिलं. मग बाराचा पाना त्यावर ठेवला.

"बाराच आहे कशावरून?" तो आतूनच म्हणाला.

"लावून बघा."

पाना बसला. बोल्ट तीनदा कुरकुरला आणि सुटला.

"एकोणीस," कियोताका म्हणाला. "सुटला. ठीक!"

पुढचे आकडे सत्तावीसपर्यंत एका दमात झाले. चेन ओढायला मिझोगुची-सान यांनी कोट काढून ठेवला. अहो, तुम्ही कशाला, असं सगळे म्हणाले आणि कुणी त्यांना अडवलं नाही. इंजिन वर आलं, मान वर करून, मागे गिअरबॉक्सची शेपटी आणि त्या शेपटीला बांधलेली पिशवी. योहेइ, चिझुरु आणि कियोताका यांनी निळीला पुढून खांदा लावला. वीस वर्षांनी तिची चाकं फिरली. ती हळूच मागे गेली, आणि इंजिन एकटं तुळईला लोंबकळत राहिलं. सगळे ओरडले. मिझोगुची-सान सगळ्यांत मोठ्याने ओरडले, आणि मग आपली गाडी गेली हे लक्षात येऊन गप्प झाले. चार वाजायला सहा मिनिटं होती.

"रिकामा ट्रक घेऊन जाणार तुम्ही आता," कियोताका त्यांच्यापुढे कंबरेत वाकला. "शब्द देऊन बसलो होतो. माफ करा."

"वाट कोमागानेवरूनच आहे ना?" मिझोगुची-सान कपाळ पुसत म्हणाले. "रिकामा कशाला? इंजिन त्या मिस्त्रींकडे टाकून जातो की."

फुमिएंनी त्यांना उरलेले सगळे माञ्जू बांधून दिले.

संध्याकाळी निरोपाची साल दरवाजाऐवजी शेडसमोर पेटवायची, असं फुमिएंनीच ठरवलं. काड्यांचे पाय टोचलेली वांग्याची गाय त्यांनी निळीच्या बंपरवर ठेवली. परतणाऱ्या पितराने तिच्यावर बसून जायचं म्हणजे सावकाश जायचं, पण आज त्यांचा पाय तसाही लवकर निघायचा नाही, असं त्या म्हणाल्या. धूर शेडभर झाला. तोमोए दिवा बंद करून बाहेर आली, आणि सवयीने थबकली.

"काय राहिलं?" कियोताकाने विचारलं.

"काही नाही."

"बघू." तो वळला. धुरातून त्याने निळीकडे हात सरळ ताणला. "इंजिन. बाहेर. ठीक!" हात थोडा सरकला. "मागची सीट. आई. ठीक!"

"ठीक!" फुमिए म्हणाल्या.

मग त्याचं बोट तोमोएकडे वळलं. कोपर जराही वाकलेलं नव्हतं.

"चालक," तो म्हणाला. "तोमोए. ठीक!"